नवाबाचा डावा पाय आणि माझी निरवानिरव

मी, शहरातील फुटबॉल क्लबचा निवृत्त प्रशिक्षक, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. क्लबच्या अध्यक्षांचे मत वेगळे असेल. पण त्यांना ऑफसाइडही अजून कळलेला नाही, सबब ते विचारात घेऊ नये. हा लेख मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे.

कलम एक. राहते घर, बँकेतील ठेवी आणि तिच्या आईचे दागिने माझ्या मुलीला. मीठदाणी आणि वाट्या मांडून मी रोज डाव समजावायचो, तेव्हा या दोघींनी जेवण गार होऊ दिले, पण मला कधी गप्प बसवले नाही.

कलम दोन. शिट्टी, चेंडूत हवा भरायचा पंप आणि फळा क्लबला. गोलची जुनी जाळी मात्र अध्यक्षांच्या पुतण्याला. गोलकीपर म्हणून त्याचा सगळा वेळ तिच्यातून चेंडू काढण्यातच गेला.

कलम तीन. गच्चीवरची खोली नवाबाला.

मुलगी म्हणाली, "बाबा, ज्याने तुम्हाला रक्तदाब दिला त्याला खोली?" म्हणून खुलासा करतो.

नवाब हे आम्ही ठेवलेले नाव. त्याच्यासारखा डावा पाय मी पाहिला नाही; त्या पायाला जोडलेला माणूस मात्र न मागता आला होता. सरावाला तो पाहुण्यासारखा यायचा. धावायला सांगितले की म्हणायचा, "सर, चेंडू धावतोय ना? मग दोघांनी कशाला दमायचं?"

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो सरावाला आलाच नाही. मी त्याला बाकावर बसवले. आम्ही एका गोलने मागे पडलो. अध्यक्ष खुर्ची सोडून धावत आले. (त्यांना धावताना मी तेवढेच पाहिले.) "त्याला उतरवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

मी नवाबाला म्हणालो, "माफी माग आणि उतर."

"मी बसतो सर. सावली छान आहे."

शेवटी माझ्या गोलकीपरने, म्हणजे वर उल्लेखिलेल्या पुतण्याने, आणखी एक गोल खाल्ला, तेव्हा मीच मान खाली घालून म्हणालो, "जा बाबा." त्याने तीन गोल केले. प्रत्येक गोलनंतर माझ्यासमोर येऊन ओठांवर बोट ठेवले. त्या गोलांनी माझी नोकरी वाचली आणि त्या बोटाने रक्तदाब सुरू झाला.

पुढे त्याला मोठ्या क्लबने बोलावले. त्याच सुमारास माझी बायको अंथरुणाला खिळली. नवाब गेला नाही. हॉस्पिटलात भेटीची वेळ सुरू होण्याआधी दारात हजर. तिला सामन्यांच्या गप्पा सांगायचा, मला विनोदी पात्र करून. ती हसायची. मी बाहेर बाकावर बसून ऐकायचो. ती गेल्यावर मी विचारले, "मोठ्या क्लबचं काय झालं?" म्हणाला, "तिथला प्रशिक्षक फार समजूतदार आहे. जमलं नसतं."

हल्ली त्याचा गुडघा गेला आहे आणि तो भाड्याच्या खोलीत राहतो. म्हणून हे कलम.

दुरुस्ती. आज सह्यांच्या वेळी नवाब न बोलावता आला आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "इथे मी."

वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हाला खोली मिळतेय. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही."

"मग खोली खोडा. सर शुद्धीवर आहेत की नाहीत, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?"

मी पुष्कळ समजावले. आयुष्यभर ऐकले नाही, आज काय ऐकणार. सबब कलम तीन रद्द. खोलीही मुलीकडे जाईल. मी तिच्याकडे पाहिले. तिने उठून गच्चीची किल्ली आणली आणि नवाबाच्या खिशात घातली. वकीलसाहेबांनी ते पाहिले नाही, असे त्यांनी मला सांगितले.

स्थळ: जेवणाचे टेबल
दिनांक: हंगाम संपल्यानंतरचा पहिला रविवार

लिहून ठेवणार: प्रशिक्षक (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे डॉक्टर (सही)
२. नवाब (सही, डाव्या हाताने, दोन ओळी व्यापून)