नर करायचं खाद्य

2 जुलै 2024, मंगळवार. सकाळी 6.40

मत्स्यबीज केंद्रावर टाक्या घासत होतो, आता जरा टेकलो. तळाला बुळबुळीत तपकिरी साय बसते. नखात शिरते, वास जेवतानाही जात नाही. तिलापियाची पिल्लं एकवीस दिवस हार्मोनचं खाद्य खातात, म्हणजे सगळी नर होतात. नर लवकर वाढतात. किलोला साठ मिलिग्राम पूड — स्पिरिटमध्ये विरघळवून खाद्यावर फवारायची. मी एक मिलिग्रामही चुकू देत नाही!

टाक्यांचं पाणी नालीतून थेट गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात. मालक सोमाजीशेठ म्हणतात, "वाहून जाते ना बाबू." कुठे जातं, ते सांगत नाहीत.

सांडलेलं खाद्य नेहमीसारखं झाडून डब्यात भरलं, घरच्या कोंबड्यांसाठी. मार्चपासून एक मूठ वाया घालवलेली नाही.

4 जुलै

बहीण खुशबू बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. आमच्या घरची रीत — भावाने गावच्याच तलावातला अंडी भरलेला मासा आणून बहिणीला खाऊ घालायचा.

6 जुलै

सुगंधाआत्याबरोबर जाळ्यावर गेलो. ती नुसतं पोट दाबून मादी ओळखते. आज दाबतच राहिली. शेवटी विळीवर चौदा मासे फाडले. आषाढ लागला, आणि एकातही अंडी नाहीत! आत दोऱ्यासारखं पांढरट काहीतरी. ना नर, ना मादी.

"चाळीस वर्सं मासोळ्या चिरून राह्यली मी, असं पोट नाई पाह्यलं. शेठच्या नालीतून काय येते रे? तुले तं मालूम असन."

मी खाली मान घालून जाळं धूत राहिलो. माशांची नाही, माझीच किळस आली.

7 जुलै

आई खुशबूला म्हणाली, "मासोळीची नाई तं कोंबडीची अंडी खाय, बाई." रोज दोन. मीच उकडून देतो. निदान ही तरी घरची, स्वच्छ.

8 जुलै

शेठना विचारलं. "इतक्याशा पुडीनं तलाव बाटते काय? तुले पगार टाक्या धुवाले देतो का पोटं फाडाले?" गाडीवाला सरफराज हसत सुटला — "अरे, सबको मर्द तो तूच बनवून राह्यला!"

हात सात वेळा धुतले. साबणाचं पाणीही त्याच नालीत गेलं. शी!

17 जुलै. सकाळी 7.10

पहाटे तांबडी कोंबडी आरवली. कोंबड्यासारखी, दोनदा. तुरा केवढा वाढलाय — माझं लक्षच नव्हतं! आई म्हणाली, "अभद्र हाय, काप तिले."

माझी नजर सांडलेल्या खाद्याच्या डब्यावर गेली.

खुशबूच्या हातातलं अंडं हिसकावलं. "काऊन रे भाऊ?" सांगितलं. तिला, आईला, सगळं. आता नालीतून काय येतं ते सांगायला आत्याकडे निघालो आहे.

खुशबूने खाल्लेली अंडी: वीस. एकविसावं माझ्या मुठीत फुटलं.