बैठकीखालची तारीख

चुंग्जू,
१८ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि किमचीचा डबा दोन्ही पोचले. डबा थोडा गळला, त्यामुळे पत्राला अजून लसणाचा वास येतोय. आम्ही ठीक आहोत. हिचा गुडघा थंडीत कुरकुरत होता, आता बरा आहे. चर्चच्या भजनमंडळात ती पुन्हा उभी राहून गाते. मी बेसूर, म्हणून मला खुर्च्या मांडायला लावते.

पोस्टातून निवृत्त झालेला भाऊ सोसायटीच्या फाटकावर बसतो म्हणून तुला वाईट वाटलं होतं. मला नाही वाटलं. एक दिवस चोवीस तास पहारा, दुसरा दिवस सुट्टी. अडचण एकच: दोन रविवारांतला एक मोकळा मिळतो आणि त्यावर हक्क सांगणारे तीन. देव, ही आणि नदी. नदीला काही सांगावं लागत नाही. उरलेल्या दोघांना मी थापा मारायला लागलो. 'पाळी बदलली' म्हणायचं, डबा घ्यायचा आणि दगड शोधायला पात्रात उतरायचं.

तू लिहिलंस, आईला वर्ष होतंय, प्रार्थनेच्या दिवशी तिच्या थडग्यापाशी माझा एक दगड ठेवू, सगळ्यात चांगला निवड. आई माझ्या दगडांना हसायची. 'नदीनं टाकलेलं हा घरी आणून आंघोळ घालतो,' म्हणायची. पण इथे राहायला आली की पाणी तीच घालायची.

सगळ्यात चांगला कोणता, याचा विचार करावा लागत नाही. काळा, ओंजळीत मावेल एवढा, डोंगराच्या आकाराचा, एका अंगानं पांढरी रेघ. वर्षभर बाल्कनीत ऊन खातोय, दोन वेळा पाणी पितोय. बोरीच्या लाकडाची बैठक मीच कोरली, दगड तिच्यात घट्ट बसतो.

आमच्या दगड जमवणाऱ्यांच्या मंडळाची एक रीत आहे. दगड कुठे आणि कोणत्या दिवशी मिळाला, ते बैठकीच्या तळाशी लिहायचं. दगड कापला तर एकवेळ चालतं, तारीख खोटी चालत नाही. आणि तू कुठलीही वस्तू हातात घेतलीस की आधी उलटून बघतेस.

हा दगड २१ एप्रिलचा आहे. रविवारचा.

त्या दिवशी मी पहाऱ्यावर नव्हतो, ताई. माझी सुट्टी होती. फोन गाडीत ठेवून मी गुडघाभर पाण्यात होतो. वोन्जूच्या इस्पितळातून तू अकरा वेळा फोन केलास. परत आलो तेव्हा दगड हातात होता आणि आई गेलेली होती. 'कामावर फोन काढून घेतात' हे वाक्य मला लगेच सुचलं, त्याचंच मला अजून नवल वाटतं.

चौथ्या दिवशी तू आमच्या सोसायटीचे व्यवस्थापक बांगसाहेब यांना फोनवर फैलावर घेतलंस. 'माणसाची आई मरते आणि तुम्ही फोन काढून घेता?' हजेरीवही त्यांच्या समोरच होती. त्यांनी निमूट ऐकून घेतलं. मला बोलावून एवढंच विचारलं, "मग, दगड तरी चांगला मिळाला का?"

"हो," मी म्हटलं.

"नशीब," म्हणाले.

दफनाच्या वेळी पास्टरांनी कर्तव्यात अडकलेल्या मुलासाठी प्रार्थना केली. मी आमेन म्हटलं.

परवा हिला सांगितलं. ती भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "ताईंना मी सांगणार नाही. तोंड तुमचं, तुम्ही उघडा."

आई माझी वाट बघत होती. 'कामावर असेल' असं तू तिला सांगितलंस. 'मग बोलवू नको, नवी नोकरी आहे,' हे ती म्हणाली, तेही तूच मला सांगितलंस, मला बरं वाटावं म्हणून. ते मला वर्षभर झोपू देत नाही. मला लाज वाटते, ताई.

तरी नदीवर जाणं सुटलेलं नाही. आता सांगून जातो, प्रार्थना आटोपल्यावर.

बैठकीखाली काल तारीख लिहिली. प्रार्थनेला येताना दगड गाडीत घेऊन येईन. तू आधी उलटून बघ. मग आईपाशी ठेवायचा की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तर परत गाडीत ठेवीन, वाद घालणार नाही.

तुझा,
त्या दिवशी कामावर नसलेला भाऊ,
प्यो ग्यू-सिक