झाकणावरचं पॅकिंग

बाबा,

मी चरोद्याला शाळेत जाते आहे. वरण-भात झाकून ठेवला आहे.

मोटारसायकलच्या इंजिनाच्या झाकणाला चिकटलेलं जुनं पॅकिंग केव्हाच निघालं. आईची तेरवी झाली, तरी तुम्ही रोज रॉकेल लावून तेच झाकण खरवडत बसता. आणखी खरवडलं तर चरे पडतील आणि नवं पॅकिंग घालूनही तेल गळेल, हे मला तुम्हीच शिकवलं.

आई खिडकीतून म्हणायची, "अवो, पुरे करा ना आता, जेवाले या," आणि तुमचा हात थांबायचा. काल मीही खिडकीशी येऊन उभी राहिले. पण 'अवो' मी कसं म्हणू? म्हणून ही चिठ्ठी रॉकेलच्या वाटीखाली ठेवते आहे.

पुरे करा ना, बाबा.

रत्ना