पंडितच्या गोष्टींचं देखणं ई-बुक

३ नोव्हेंबर, सकाळ.
संकल्प. पंडितच्या अहिराणी गोष्टींचं ई-बुक करायचं. मित्र जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वर्षश्राद्धाला शिरपूरला त्याच्या आईला, भागाबाई अक्कांना, पुस्तक द्यायचं. त्याच्या बायकोने, मोहिनी वहिनींनी, त्याचा लॅपटॉप माझ्याकडे दिलाय. मजकूर वर्डमध्ये तयार. जळगावात लग्नपत्रिका माझ्यासारख्या कोणी डिझाइन करत नाही. हे तर डाव्या हाताचं काम.

८ नोव्हेंबर.
लॅपटॉप सुरू केला की म्हणतो, 'वेलकम, पंडित.' सेटिंग बदलायला हवं. बदललं नाही. घाई नको.
बॉर्डर ठरली. केळीची पानं.

१४ नोव्हेंबर, दुपार.
वर्डच्या समासात त्याच्या कॉमेंट्स निघाल्या. माझंच नाव घेऊन लिहिलेल्या. तोत्या, इथे थांब. तोत्या, हे हळू वाच.
लाइट गेलेली, दुकानात मी एकटा. भीती अजिबात वाटली नाही. चहाला गेलो. तीन चहा झाले. आल्यावर सगळ्या कॉमेंट्स डिलीट केल्या. समास कसा स्वच्छ दिसतो!
गोष्टी वाचायच्या राहिल्यात. आधी रूप, मग वाचन.

२१ नोव्हेंबर.
युक्ती सापडली. वर्डमधला मजकूर कॅनव्हात, तिथून फोटोशॉपमध्ये, वर जुन्या कागदाचा रंग. मग प्रत्येक पानाचं चित्र करायचं आणि चित्रं कॅलिबर या ई-बुकच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची. अख्ख्या खान्देशात असं कोणी केलं नसेल.
दुकानातला जितेंद्र म्हणाला, हे पुस्तक नाही, अल्बम झालाय. अक्षरं अक्षरं राहिली नाहीत. मुलाला सौंदर्यदृष्टी नाही.

२६ नोव्हेंबर.
माझी बायको सारिका म्हणते, कव्हरवरचे पंडितभाऊ तुमच्याकडेच बघताहेत. बायकांचं काहीतरीच. फोटोशॉपमध्ये डोळे जरा डावीकडे वळवले. माझी खुर्ची उजवीकडे घेतली. तरी बघतो.
फोटोतून त्यालाच काढून टाकलं. आता कव्हरवर नुसती त्याची खाट. कोणी नुकतंच उठून गेल्यासारखी. इफेक्ट फारच छान. स्क्रीनकडे पाठ करून जेवलो.

२ डिसेंबर.
एक गोष्ट वाचायला घेतली. पहिल्याच ओळीला त्याचा आवाज यायला लागला, खोकल्यासकट. फाइल बंद केली. फॉन्ट डोळ्यांना त्रास देत होता.

७ डिसेंबर, शिरपूर.
वर्षश्राद्ध झालं. जेवणं आटोपल्यावर पुस्तक अक्कांच्या फोनवर टाकलं. पाहुण्यांनी पानं बघून वाहवा केली. मी नम्रपणे मान खाली घातली.
मग वहिनी म्हणाल्या, अक्कांना आता दिसत नाही, फोनच त्यांना वाचून दाखवतो. त्यांनी बटण दाबलं.
फोनमधली बाई म्हणाली, पान एक, चित्र. पान दोन, चित्र.
अक्का हात जोडून ऐकत होत्या. बरीच पानं गेली. मग माझ्या दिशेने तोंड करून त्यांनी विचारलं, "तोताराम, मना पोऱ्या कव्हय बोली रे?"
म्हणालो, पुढच्या पानावर बोलेल.
पुढचं पान आलं. चित्र.