आयेची वेगळी पितळी

माझ्या आये,

उद्या आपल्या पोशेरा गावच्या घरी नवं आहे, नव्या पिकाचा सण. नव्या नागलीची पहिली भाकर आधी देवाला, मग पितरांना, मग आपल्याला. तुझा घास निघेलच, पण तोवर दम निघत नाही म्हणून लिहितेय.

तुझी थोरली, आपली ताई, जिंकली!

तुला ज्या अंडाशयाच्या कॅन्सरने नेलं, त्यानेच तिलाही गाठलं होतं. ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि तरी तो परत आला. आम्ही सगळे खचलो. ताई तेवढी म्हणाली, शेतात रोपांची आवणी होईपर्यंत मरायला सवड नाही. तुझीच लेक!

आजारपणात तू आपली पितळी वेगळी केलीस, आठवतं? "माझे पितळीत नका जेवू पोरींनो, माझा रोग तुमाला लागंल." मी शेजारी बसले तरी सरकून बसायचीस. किती राग यायचा मला! शेवटी शेवटी तू आम्हाला कुशीतही घेतलं नाहीस. तो ताटातून लागत नाही गं, हे सांगणारं कुणीच भेटलं नाही का तुला?

मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी ताईचं रक्त तपासलं. पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो आणि पेशी तो सांधते. त्या दुरुस्तीतला एक दोष ताईला जन्मतःच तुझ्याकडून आलाय. तू ऐकलं असतंस तर कपाळ बडवून घेतलं असतंस. पण पुढचं ऐक! त्या दोषामुळे कॅन्सरची पेशी दुरुस्तीच्या दुसऱ्याच वाटेवर कशीबशी तगते. नवी गोळी नेमकी तीच वाट अडवते, आणि पेशी मरते. ताईच्या बाकी शरीराला आमच्या बाकडून आलेली त्याच जनुकाची चांगली प्रत सांभाळते. हा दोष होता म्हणूनच गोळी इतकी लागू पडली, असं बाई म्हणाल्या. तुझ्याकडून आलेलंच कामी आलं, आये!

गोळ्यांनी ताईला थकवा येतो, एकदा रक्तही चढवावं लागलं. पण परवाच्या तपासणीत गाठ कुठेच दिसली नाही. गोळ्या अजून चालू आहेत. यंदाची नागली तिने स्वतः कापली, आणि मला मास्तरणीला विळा धरता येत नाही म्हणून दिवसभर हसली.

आता मीही रक्त तपासून घेणार आहे. भीती वाटते, पण घेणार. आणि उद्या कुडाच्या भिंतीवरची तुझी पितळी खाली काढून चिंचेने लख्ख घासणार. तुझा घास निघाला की ताई आणि मी त्याच पितळीत जेवू. तूही ये. या वेळी मात्र सरकून बसू नकोस.

तुझी धाकटी,
सुमन