बाबांच्या डोक्याला वायरी

प्रिय शैलेशदादा,

खाडीत होडीवर बाबांना फिट आली. पनवेलच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, मेंदूची नोंद घेणारं छोटं मशीन कमरेला बांधलं आणि दिवसभरासाठी घरी पाठवलं. बाबा वायरींवर टॉवेल गुंडाळून आईशेजारी कोलंबी विकायला बसले. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता क्षणभर गप्प झाले, नजर थिजली. ती बारीकशी फिटच होती, मशीनने पकडली. आता गोळ्या चालू आहेत, पण होडीवर एकट्याने जायचं नाही.

"शैलेशला कळवू नको," बाबा म्हणाले, "जहाजावरची नोकरी सोडून येल तो."

म्हणून हे पत्र टाकणार नाही. त्यांच्यासोबत मीच जाते, जाळं टाकायला शिकतेय. काल म्हणाले, "शैलेशपेक्षा तुझा हात बरा हाय." तेही तुला सांगणार नाही.

तुझीच,
रोशनी