तूर, दगड आणि डावा हात

९ जानेवारी, शुक्रवार
शाळेत रस्ता सुरक्षेवर माझे व्याख्यान. विषय : अपघातानंतर काय करावे. आधी जखमींची विचारपूस, मग फोटो, मग पोलीस, मग विमा. आणि घाबरायचे नाही. आठवीची मुले तल्लीन झाली होती. मागच्या बाकांवरची काही तर डोळे मिटून ऐकत होती. हेडमास्तरांनी शाल दिली. गेल्या वर्षीचीच वाटली, पण भावना महत्त्वाची.

संध्याकाळी दयारामचा फोन. तो आमचे शेत बटाईने करतो. म्हणाला, सर, तूर सोंगून पडली हाये, मशीनवाला येऊनच नाही राह्यला, काय करू? मी म्हणालो, डांबरी रस्त्यावर पसर. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली आयती मळणी होते, सगळे तेच करतात. फक्त आपल्या शेतासमोर नको, उगाच नाव येते. वळणाच्या पलीकडे टाक.

सुचिता बाजूला मेथी निवडत होती. म्हणाली, सकाळी मुलांना काय सांगून आलात? तिला दोन विषय वेगळे ठेवता येत नाहीत.

११ जानेवारी, रविवार. दुपारी ४, पोलीस ठाण्याबाहेरचा बाक
अपघात झाला. मी शांत आहे. सविस्तर नोंद करून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

सुचिताला घेऊन हिवरा आश्रमला निघालो होतो. स्पीड योग्य. आमच्या शेतापुढचे वळण घेतले तर रस्ताभर कोणीतरी तूर पसरून ठेवलेली. ब्रेक मारला. गाडी शेंगांवरून सरकली आणि किलोमीटरच्या दगडाला धडकली. बंपर, हेडलाइट, रेडिएटर गेले. शेजारच्या शेतकऱ्याचे काम असणार. लोकांना रस्ता म्हणजे स्वतःचे खळे वाटते.

लगेच फोटो काढायला घेतले. सगळ्या अँगलने. सुचिता उतरून दगडाजवळ बसली. हात दुखतो म्हणाली. बहुतेक डावा. व्याख्यानात जखमींचा मुद्दा पहिला आहे हे मला माहीत आहे, पण जखमी म्हणजे रक्त. रक्त कुठेच नव्हते. मग ती म्हणाली, अहो, ऐका ना, ही तूर... तिला तिथेच थांबवले. अपघातस्थळी घरच्यांनी विधाने करू नयेत, त्यातून केस कमजोर होते.

शेतातून एक बाई धावत आली. सुचिता तिला भिमाबाई म्हणत होती. ओळख कशी काय, कोण जाणे. बाईने तिला पाणी पाजले, हात पदराच्या चिंधीने बांधला आणि मग तूर गोळा करायला लागली. मी म्हणालो, पुरावा आहे, हात लावू नका. ती म्हणाली, पण सर, हे त तुमचीच... तिलाही थांबवले. खेड्यातली माणसे प्रेमळ असतात, पण मध्ये बोलतात फार.

शेवटी ती सुचिताला ऑटोत घालून मेहकरला डॉक्टरकडे घेऊन गेली. मी थांबलो. स्थळ सोडायचे नसते.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
तक्रार दिली. हवालदार गुलाबराव म्हणाले, सर, आपसात मिटवून टाका ना, काऊन वाढवता? मी म्हणालो, हा एका बंपरचा प्रश्न नाही, समाजाचा आहे. तूर कोणाची ते शोधा आणि कडक कारवाई करा. ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. माझ्यासारखा जागरूक नागरिक त्यांच्याकडे रोज येत नसावा.

१२ जानेवारी, सोमवार
सुचिताच्या मनगटाचे हाड मोडले आहे. प्लास्टर घातले. म्हणजे दुखत होते ते खरे होते. वाईट वाटले. तसे तिला सांगणारही होतो, पण विम्यावाल्यांचा फोन आला.

रात्री तिने स्वयंपाक केला नाही. हात डावा, पोळी लाटायला उजवाही पुरतो. पण मी वाद घातला नाही, बाहेरून खिचडी आणली. तीही तिने अर्धी ठेवली. चमचा धरून बघत बसली आणि मग झोपायला गेली. रुसली आहे. संकल्प : केस निकाली निघाली की एक पूर्ण दिवस फक्त तिच्यासाठी.

१३ जानेवारी, मंगळवार
देऊळगाव राजाहून सासरे वामनराव आले आणि सुचिताला घेऊन गेले. जाताना मी त्यांना फोटो दाखवले. त्यांनी सगळे पाहिले, चष्मा काढून पुसला. भारावले असावेत.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. सुचिताला फोन केला. सासूबाई विमलबाईंनी उचलला. म्हणाल्या, झोपली आहे ती, रात्रभर हात ठणकत होता. मी त्यांना तपासाची प्रगती सांगितली. बरं, म्हणाल्या. तिळगूळ कुठे ठेवला आहे ते विचारायचे राहिले. घर फार शांत आहे. कामाला एकाग्रता मिळते.

१६ जानेवारी, शुक्रवार
विम्याचा सर्व्हेअर आला. फोटो बघून म्हणाला, ही बाई नसलेला एखादा आहे का? नव्हता. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात सुचिता. हात छातीशी धरून बसलेली. एकात डोळे मिटलेले, एकात माझ्याकडे बघते आहे. काढताना ती मध्ये येते आहे हे लक्षातच आले नाही. मी म्हणालो, तिला कापून पाठवतो. तो म्हणाला, कोण आहेत या? बायको, म्हणालो. त्यानेही चष्मा पुसला.

दुपारी ठाण्यातून बोलावणे. तुरीचा मालक सापडला. दयारामने स्वतःच जाऊन कबुली दिली. म्हणाला, सरांनी सांगतलं वळणापलीकडं टाक, म्या टाकली. भिमाबाई त्याची बायको. गुलाबराव म्हणाले, सर, शेत तुमचं, तूर तुमची, हुकूम तुमचा. आता कारवाई कोनावर करू ते तुमीच सांगा.

मोठ्या मनाने तक्रार मागे घेतली. माणसाने फार ताणू नये. सुचिताला तूर आपली आहे हे तिथेच ओळखू आले होते, असे दयाराम म्हणाला. मग तिने सांगायला हवे होते.

१८ जानेवारी, रविवार
गाडी गॅरेजमध्ये. एसटीने देऊळगाव राजाला गेलो. उभ्याने. वाटेत भाषण तयार केले : चुका दोन्ही बाजूंनी होतात, तूही स्पष्ट बोलायला हवे होते, झाले गेले विसरून जाऊ. चांगले जमले होते.

घरात शिरलो तेव्हा सुचिता जेवत होती. म्हणजे विमलबाई भाकर कुस्करून तिला घास भरवत होत्या. मी हसून म्हणालो, एवढे लाड कशाला, उजवा हात आहे ना.

वामनराव उठून बाहेर गेले. मग मी पाहिले. प्लास्टर उजव्या हाताला होते. पहिल्यापासून उजव्यालाच होते.

भाषण आठवेना. सुचिताने विचारले, तुम्ही जेवलात का? हो म्हणालो. जेवलो नव्हतो. घरी कधी येशील हे विचारायला आलो होतो, तेवढा धीर झाला नाही. स्टँडपर्यंत पोचवायला कोणी आले नाही, तेही बरोबरच होते.

रात्री ही वही मागे चाळली. जिथे डावा लिहिले होते तिथे उजवा करायला बसलो. पहिल्याच ठिकाणी पेन थांबले. खोडले नाही.

उद्या दुसऱ्या शाळेत तेच व्याख्यान आहे. पहिला मुद्दा मला पाठ आहे.